आसरा : एका जलदेवतेच्या नावाचा इतिहास

पुणे व सुपे हे दोन परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. त्यांपैकी सुप्याचा परगणा आज प्रामुख्याने बारामती तालुक्यात मोडतो. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील माळरानाचे स्वरूप लक्षात घेऊनच १९९७ साली सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणांसाठी राखून ठेवण्यात आले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. जेथे पाणी दुर्मिळ, तेथे पाणवठ्याला केवळ उपयुक्ततेचे नव्हे, तर पावित्र्याचे व भयाचेही वलय लाभावे, हे स्वाभाविक होय. पुणे जिल्ह्याच्या देशावरील भागात नदीच्या डोहाकाठी, ओढ्यावर किंवा जुन्या विहिरीच्या तोंडाशी शेंदूर माखलेले सात दगड ओळीने मांडलेले आढळतात. त्यांना लोक ‘साती आसरा’ अथवा ‘मावलाया’ म्हणतात. जवळच बहुधा म्हसोबाचा तांदळा असतो. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, नारळ यांनी त्यांची पूजा होते. आणि डोहात कोणी बुडाल्यास ‘आसरांनी ओढून नेले’ असे बोलले जाते. लहान मुले व बाळंतिणी यांना त्यांची बाधा विशेष होते, अशीही समजूत आहे.

या देवतांविषयी लिहिताना अभ्यासक अनेकदा ‘आसरा म्हणजे जलपरी’ किंवा ‘आसरा हा अप्सरा या शब्दाचा अपभ्रंश’ असे म्हणून पुढे जातात. पहिले विधान दिशाभूल करणारे आहे. दुसरे खरे असले, तरी ‘अपभ्रंश’ या शब्दामुळे त्यातून चुकीचे अनुमान निघते. मूळची सुंदर कल्पना ग्रामीण मुखात बिघडली, असा त्याचा ध्वनी असतो. शब्दाचा इतिहास मात्र नेमके उलट सांगतो.

प्रथम ध्वनींचा विचार करू. संस्कृतातील ‘प्स’ या जोडाक्षराचा ऱ्हस्व स्वरानंतर प्राकृतात ‘च्छ’ होतो. हेमचंद्राच्या व्याकरणात या बदलाचा नियमच सांगितला आहे. त्यानुसार ‘अप्सरस्’ चे ‘अच्छरा’ झाले. पालीतही हेच रूप आहे. पुढे प्राकृतातील ‘च्छ’ चा मराठीत ‘स’ होतो आणि आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. ‘मत्स्य’ पासून ‘मच्छ’ व त्यापासून ‘मासा’, ‘वत्स’ पासून ‘वच्छ’ व त्यापासून ‘वासरू’, ‘इक्षु’ पासून ‘उच्छु’ व त्यापासून ‘ऊस’, ही याच परिवर्तनाची उदाहरणे होत. मराठीच्या या लकबीची शास्त्रीय चर्चा झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आहे. ‘अच्छरा’ पासून ‘आसरा’ हे रूप या नियमात तंतोतंत बसते. हिंदी प्रदेशात ‘छ’ टिकून राहतो. म्हणून तेथे मछली व बछड़ा, तर येथे मासळी व वासरू. या जोड्यांना तिसरी जोड हिमालयातून मिळते. गढवालमध्ये डोंगरमाथ्यावर वास करणाऱ्या व तरुणांना हरण करून नेणाऱ्या स्त्रीदेवतांना ‘आछरी’ म्हणतात. बासरी वाजवणाऱ्या जीतू बगडवालाला आछरींनी नेले, ही तेथील प्रसिद्ध कथा आहे. आछरी व आसरा या एकाच प्राकृत शब्दाच्या दोन लेकी आहेत.

तात्पर्य, ‘आसरा’ हा शब्द कोणा पुराणिकाच्या तोंडून ऐकून खेडुताने वेडावाकडा उच्चारलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून, मराठी ही मराठी होत असताना तिच्याबरोबर बदलत आलेला तद्भव शब्द आहे. ‘अप्सरा’ हा मराठीतील तत्सम शब्द मात्र ग्रंथांतून उचललेला आहे. दोन वाटांनी आलेल्या या शब्दांचे अर्थही त्यामुळे दोन झाले : अप्सरा इंद्रसभेत नाचते, आसरा डोहात राहते.

यांपैकी जुना अर्थ कोणता? यास्काने निरुक्तात अप्सरा शब्दाचा संबंध पाण्यात संचार करण्याशी जोडला आहे. शतपथ ब्राह्मणातील पुरूरवा-उर्वशीच्या कथेत अप्सरा सरोवरात पाणपक्ष्यांच्या रूपाने पोहताना दिसतात. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील सदतिसाव्या सूक्तात तर अप्सरांना पीडा देणाऱ्या शक्ती मानून त्यांना नदीकडे निघून जाण्यास बजावले आहे. म्हणजे पाण्यातील, मोहक तरीही बाधक अशी स्त्री हीच प्राचीन कल्पना. स्वर्गातील नर्तकी हा महाकाव्यांनी व नाटकांनी केलेला नंतरचा संस्कार. आसरा ही अप्सरेची विकृती नसून तिच्या जुन्या रूपाची साक्षीदार आहे.

‘परी’ या शब्दाची कहाणी याला पूरक आहे. अवेस्तेतील ‘पइरिका’ ही दुष्ट, भुलविणारी स्त्रीशक्ती होती. फारसी काव्यात तीच ‘परी’ होऊन सौंदर्याचे उपमान बनली, आणि मराठीने तो शब्द याच सौम्य अर्थाने घेतला. दरबारी वाङ्मय देवतेतील भय काढून घेते व रूप तेवढे ठेवते, असा हा क्रम दोन्हीकडे दिसतो. म्हणूनच आसरेला ‘जलपरी’ म्हणणे म्हणजे तिच्यातून नेमका तिचा प्राण काढून घेणे होय.

‘मावलाया’ हे दुसरे नाव वेगळ्या वृत्तीचे आहे. जिचे भय वाटते तिला आई म्हणावे, ही वृत्ती सार्वत्रिक आहे. वेल्सच्या ग्लॅमॉर्गन भागात अशा अदृश्य मंडळींना ‘मातांचा आशीर्वाद’ या अर्थाच्या नावाने संबोधीत. आयर्लंडमध्ये त्यांना ‘भली माणसे’ म्हणत. तथापि येथे केवळ गोड बोलून भय टाळणे एवढेच नसावे. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात मावलायांचा संबंध ‘मावळ’ या प्रदेशनामाशी व कार्ले येथील शिलालेखातील ‘मामाल’ या रूपाशी जोडला. सूर्य ‘मावळतो’ ती दिशा ही लोकरूढ व्युत्पत्ती त्यापुढे तपासून घ्यावी लागते. कोसंबींचे अनुमान ग्राह्य धरल्यास मातृदेवतांची ही पूजा येथे फार जुनी ठरते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शब्दाचा इतिहास म्हणजे देवतेचा इतिहास नव्हे. ‘आसरा’ हे नाव उत्तरेकडील प्राकृतातून आले. परंतु सात दगड, पाणवठा व भगिनीसमूह ही मांडणी दक्षिणेशीही नाते सांगते. तमिळ प्रदेशात तळ्याकाठी ‘सप्तकन्निमार’, म्हणजे सात कुमारिका, पूजिल्या जातात. स्थानिक मातृदेवतांनी प्राकृत नाव धारण केले असणे अशक्य नाही. ‘साती’ हे रूपही सूचक आहे. तिन्ही, चारी यांप्रमाणे त्यात ‘सगळ्या सात’ असा समूहार्थ आहे. सातांची वेगवेगळी नावे गावोगाव बदलतात. समूह मात्र अभंग राहतो.

क्षेत्रकार्य करणाऱ्याने व्याकरणाकडेही लक्ष द्यावे. आश्रय या अर्थाचा ‘आसरा’ पुल्लिंगी असून त्याचे सामान्यरूप ‘आसऱ्या-’ होते. देवतावाचक ‘आसरा’ स्त्रीलिंगी असून ‘शाळा’ प्रमाणे चालतो. ‘आसऱ्याला गेला’ आणि ‘आसरांना गेला’ या दोन वाक्यांत घर आणि डोह यांच्याइतके अंतर आहे. ध्वनिमुद्रण उतरवून घेताना ही रूपे प्रमाणभाषेप्रमाणे ‘शुद्ध’ केली, तर पुरावाच नष्ट होतो.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातील गावठाणे गेली, आणि त्यांच्याबरोबर नदीकाठची दैवतेही गेली. सुप्याचा जिरायत टापू नीरा डाव्या कालव्याच्या लाभाबाहेर राहिल्याने तेथे विहिरींचे महत्त्व दीर्घकाळ टिकले. पण नळ व उपसा योजना आल्यावर पाणी भरण्यासाठी विहिरीवर जाण्याचे कारण उरत नाही. मग दगड राहतात, परंतु त्यांच्याविषयी बोलण्याचा प्रसंग राहत नाही; आणि प्रसंगाविना शब्द फार काळ जगत नाही. ज्या वृद्ध स्त्रिया ‘आसरा’ व ‘मावलाया’ यांत कोठे, केव्हा व का भेद करतात, त्यांचे बोलणे जसेच्या तसे नोंदविणे हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढील निकडीचे कर्तव्य आहे. दगड पुरातत्त्वज्ञाला पुढेही सापडतील. त्यांची नावे ज्या वाक्यांत जगली, ती वाक्ये मात्र पुन्हा सापडणार नाहीत.