‘ओल्ड’ या इंग्रजी विशेषणाचे अर्थ व अध्यापन

महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. नवख्या पाहुण्याने बालकास इंग्रजीत विचारावयाच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक म्हणजे ‘हाऊ ओल्ड आर यू?’ हा होय. ‘ओल्ड म्हणजे म्हातारा’ एवढेच पाठ केलेले मूल येथे गोंधळते व गप्प राहते. आणि त्यास काहीच येत नाही, असा पाहुण्याचा समज होतो. हा अन्याय टाळणे शिक्षकाच्या हाती आहे.

मराठीत गाडी जुनी होते आणि बैल म्हातारा होतो. चिनी भाषेतही जीर्ण वस्तूस ‘ज्यौ’ व वृद्धास ‘लाओ’ असे निराळे शब्द आहेत. इंग्रजीत मात्र दोहोंस ‘ओल्ड’च म्हणतात. अर्थ ओळखण्याची सोपी खूण म्हणजे विरुद्धार्थी शब्द. गाडीच्या बाबतीत तो ‘न्यू’ येतो. बैलाच्या बाबतीत ‘यंग’.

तिसरा अर्थ ‘पूर्वीचा’. आपल्या जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव सन २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले. म्हणून अहमदनगर हे जिल्ह्याचे ‘ओल्ड नेम’ होय. ‘माय ओल्ड टीचर’ याचा अर्थ ‘माझे वृद्ध गुरुजी’ किंवा ‘माझे पूर्वीचे गुरुजी’ असा दोन्ही प्रकारे होतो. तो मागील-पुढील वाक्यांवरून ठरवावा. ‘ओल्ड फ्रेंड’ म्हणजे मात्र बहुधा जुना स्नेही. तो दहा वर्षांचाही असू शकेल.

चौथा उपयोग वयाचा. आपण ‘वीतभर उंच रोप’ म्हणतो, तेव्हा रोप उंच आहे असे सुचवीत नाही. केवळ माप सांगतो. त्याचप्रमाणे ‘आय ॲम नाइन इयर्स ओल्ड’ यात ‘ओल्ड’ हे वयाचे माप आहे. हे उदाहरण दिल्यास मुलांची शंका तत्काळ फिटते. येथे ‘इयर्स’ हे अनेकवचन हवे. परंतु ‘अ नाइन-इयर-ओल्ड गर्ल’ या रचनेत ‘इयर’ एकवचनीच राहते.

जुना, जुनी, जुने असे मराठीत रूप बदलते. ‘ओल्ड’ मात्र लिंगवचनानुसार बदलत नाही. थोरल्या भावास ‘ओल्ड ब्रदर’ न म्हणता ‘एल्डर ब्रदर’ म्हणावे. एखाद्या वृद्धास तोंडावर ‘ओल्ड’ म्हणणे असभ्य समजले जाते, हेही मुलांस सांगावे. आजोबांविषयी आदराने लिहिताना ‘एल्डरली’ हा शब्द योग्य.

वर्गात फळ्यावर न्यू, यंग, पूर्वीचा व वय असे चार रकाने आखावेत. मुलांनी घरातील व गावातील उदाहरणे सांगावीत आणि ती कोणत्या रकान्यात बसतात हे स्वतःच ठरवावे. शेवटी प्रत्येकाने शेजाऱ्यास वय विचारावे व पूर्ण वाक्यात उत्तर द्यावे. शब्दाचा एकच प्रतिशब्द घोकण्यापेक्षा त्याचे उपयोग हाताळलेले मूल परक्यासमोरही निर्भयपणे बोलते.