तिसरे पेडल

आपल्याकडे मोटार चालविण्यास शिकणे म्हणजे वस्तुतः क्लच सोडण्यास शिकणे होय. डावा पाय किती हळू उचलावा, गिअरचा दांडा नेमका केव्हा सरकवावा, एवढे साधले की बाकीचे ओघाने येते. स्टिअरिंगच्या बगलेला गिअरचा दांडा असलेल्या जुन्या अँबॅसडरवर ज्यांनी हे धडे घेतले, त्यांना ते हिसके आणि शेजारी बसलेल्या वडिलांचे बोल अद्याप आठवत असतील. अमेरिकेत मात्र दोन-तीन पिढ्या क्लचला पाय न लावताच मोटारी चालवीत आल्या आहेत. अशा देशात काही हौशी माणसे साठ वर्षांपूर्वीच्या गाडीतील स्वयंचलित गिअरबॉक्स काढून तिथे हाताने बदलावयाचा गिअरबॉक्स बसवितात, हे ऐकून प्रथम नवल वाटते.

आमच्या कानावर हा उद्योग आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. इंदुरात शिकलेला हा मुलगा आज मिशिगनमध्ये अभियंता आहे. शेजारच्या वृद्ध बाईंकडून त्याने १९६६ सालची फोर्ड मस्टँग विकत घेतली. गाडी स्वयंचलित होती. तिला चार गतींचा हातगिअर बसवावा असे त्याच्या मनात आले. सामानाची यादीही झाली. पण व्यवहाराच्या वेळी बाईंनी सांगितलेली एक गोष्ट त्याला स्वस्थ बसू देईना. बाईंचे यजमान कोरियाच्या युद्धातून डावा पाय अधू होऊन परतले होते. क्लच दाबणे त्यांना शक्य नव्हते, म्हणूनच त्यांनी ही गाडी स्वयंचलित घेतली होती. "सर, मी नुसते यंत्र बदलतो आहे की त्या माणसाची खूण पुसतो आहे?" असे त्याने मला विचारले.

उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र काय आहे ते पाहिले पाहिजे. ओल्ड्समोबिलने १९४० सालच्या गाड्यांसाठी हायड्रा-मॅटिक नावाचा स्वयंचलित गिअरबॉक्स देऊ केला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या काही हलक्या रणगाड्यांतही बसविला गेला. पुढे १९४८ मध्ये ब्यूकचा डायनाफ्लो आणि १९५० मध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड आला, आणि ही सोय श्रीमंतांच्या गाड्यांतून मध्यमवर्गाच्या गाड्यांत उतरली. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. स्वयंचलित गाडीत वाऱ्याऐवजी तेल असते आणि पंख्यांऐवजी पात्यांची चाके. इंजिनाची शक्ती या तेलातून गिअरबॉक्सकडे जाते. त्यामुळे गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, आणि क्लचची गरजच उरत नाही.

मस्टँग बाजारात आली ती १७ एप्रिल १९६४ रोजी, आणि दोन वर्षांच्या आत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. ग्राहकाला तीन गतींचा किंवा चार गतींचा हातगिअर, अथवा जादा किंमत देऊन तीन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स निवडता येई. आज रूपांतर करणारा मनुष्य कारखान्याने त्या काळी दिलेलीच दुसरी निवड करीत असतो. चढावर कोणता गिअर ठेवावा, वळणापूर्वी केव्हा खाली उतरावे, हा निर्णय त्याला आपल्या हाती हवा असतो. अमेरिकेच्या नव्या गाड्यांत हातगिअर आता विरळा झाल्यामुळे ही ओढ अधिकच वाढली आहे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. स्वयंचलित गाडीत इंजिनाच्या मागे पोलादी पत्र्याची एक पातळ तबकडी असते. ती काढून क्लच घासण्यासाठी गुळगुळीत तोंडाचे जड फ्लायव्हील बसवावे लागते. येथेच पहिली फसगत संभवते. त्याच घराण्यातील १९८० नंतरच्या दशकातील इंजिनांची फ्लायव्हीले वरून सारखीच दिसतात. पण त्यांचा तोल निराळा असतो. चुकीचे फ्लायव्हील बसले तर इंजिन थरथरू लागते आणि बेअरिंगे खराब होतात. क्रँकशाफ्टच्या मागील टोकाच्या खळग्यात एक छोटे बुश ठोकावे लागते, कारण गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक त्यात टेकते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे घंटेच्या आकाराचे कवचही बदलावे लागते. ते इंजिनाच्या मध्याशी एका इंचाच्या शंभराव्या भागापेक्षा अधिक चुकू नये, असा दंडक आहे. जाणता मिस्त्री हे मापकाने तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

सर्वांत कंटाळवाणे काम पेडलांचे. डॅशबोर्डखाली उताणे पडून ब्रेकचे रुंद पेडल काढावयाचे आणि क्लच व ब्रेक असा जोड बसवावयाचा. क्लचच्या पेडलापासून इंजिनापर्यंत दांड्यांची आणि एका आडव्या दंडाची साखळी उभी करावी लागते. मागील चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची लांबी मोजून पाहावी लागते. रेडिएटरमधून थंड होऊन येणाऱ्या गिअरच्या तेलाच्या नळ्या बंद कराव्या लागतात.

एक बारीकसा धडा मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. स्वयंचलित गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये म्हणून तिच्यात एक स्विच असतो. गिअरबॉक्सबरोबर तो निघून गेला की स्टार्टरची तार तुटते आणि गाडी मुळी सुरूच होत नाही. मग पुष्कळ लोक दोन तारा सरळ जोडून मोकळे होतात. तसे केल्यास गाडी गिअरमध्येही सुरू होते आणि समोर उभ्या असलेल्या माणसावर एकदम झेप घेऊ शकते. म्हणून शहाणे लोक क्लचच्या पेडलाखाली नवा स्विच बसवितात. पेडल पूर्ण दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

आता प्रश्न उरतो तो मूळपणाचा. संग्राहकांच्या मते गाडी कारखान्यातून जशी आली तशीच राहिली पाहिजे. बदललेल्या गाडीचे मोल त्यांच्या लेखी कमी होते. हौशी म्हणतात, गाडी चालविण्यासाठी असते, काचेच्या कपाटासाठी नव्हे. दोहोंतही तथ्य आहे. पण आम्हाला वाटते, खरी रेषा ओढावयाची ती बदल आणि लबाडी यांच्यामध्ये. त्या काळच्या मस्टँगच्या दारावर धातूची एक पट्टी असते. तिच्यावर गिअरबॉक्सचाही अंक असतो: १९६६ च्या गाडीत ५ म्हणजे चार गतींचा हातगिअर आणि ६ म्हणजे स्वयंचलित. काही विक्रेते पट्टीच बदलून गाडी मूळचीच हातगिअरची असल्याचे भासवितात. गिअरबॉक्स बदलणे हा मालकाचा अधिकार आहे. ही पट्टी बदलणे ही पुढच्या मालकाची फसवणूक आहे.

मी त्याला एवढेच कळविले की, प्रथम बाईंना विचार. त्याने विचारले. बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की गाडी आता तुझी आहे, तुला योग्य वाटेल ते कर, फक्त तो जुना गिअरबॉक्स भंगारात घालू नकोस.

रूपांतराला पाच महिने लागले. उलगडलेले बोल्ट पुन्हा आवळता येतात, पण कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. म्हणून गिअरच्या दांड्यासाठी जमिनीच्या पत्र्यात भोक पाडताना त्याने दोन दिवस नुसती मापेच घेतली. जुना गिअरबॉक्स, ते रुंद पेडल आणि शाफ्ट तेल लावून, चिठ्ठ्या बांधून त्याच्या गॅरेजमध्ये ठेवले आहेत. पहिल्या दिवशी बाईंना शेजारी बसवून तो निघाला, तेव्हा कोपऱ्यावरच गाडी हिसका देऊन बंद पडली. वडिलांच्या अँबॅसडरवर शिकलेला पाय वीस वर्षांच्या सवयीत सारे विसरून गेला होता. बाई खूप हसल्या, असे त्याने लिहिले आहे. दारावरच्या पट्टीवर ६ चा अंक आजही तसाच आहे.