‘कर आम्ही भरतो’ म्हणणाऱ्यांसाठी

गळीत हंगाम सुरू झाला, माळेगाव बुद्रुकला कारखान्याच्या आसपास ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडल्या, की टपरीवर एक वाक्य हमखास कानावर येतं: “कर आम्ही भरायचा आणि सवलती ह्यांनी खायच्या.” ऐकून ऐकून कान किटले.

बोलणारा बहुधा बागायतदार असतो. उसाच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्या नीरा डाव्या कालव्यावर तो ऊस उभा आहे, तो 1885 सालापासूनचा, सरकारी पैशाने खोदलेला. ते असो. पण मग ‘आम्ही’ भरतो तो कर कोणता? बराचसा तोच, जो कोपीतली बाईही भरते. मोबाइलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी, साखरेवर आणि चहापत्तीवर 5. राज्यातल्या विक्रीवरचा निम्मा जीएसटी महाराष्ट्राच्या तिजोरीत जातो. डिझेलवरचा राज्याचा व्हॅट गाडीभाड्यातून वसूल होतोच. दुकानदार रेशनकार्डाचा रंग बघून कर लावत नाही. उलट, जिची सगळी कमाई महिनाअखेर खर्चून जाते, तिच्या कमाईचा मोठा हिस्सा कराच्या कचाट्यात सापडतो. शिल्लक टाकणाऱ्याचा कमी.

तरी पटत नसेल तर पगारपत्रक काढा आणि व्यवसाय कराची ओळ बघा. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिना 10,000 च्या वर एक रुपया गेला, की वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. महिना लाख कमावणाऱ्याचेही तेवढेच! पहिल्याच्या उत्पन्नाचे हे 2 टक्क्यांहून जास्त, दुसऱ्याचा पाव टक्कासुद्धा नाही. कमाल मर्यादा राज्यघटनेच्या 276 व्या कलमात आहे. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती 250 वरून 2,500 झाली आणि तिथेच राहिली. ती वाढवायची तर संसदेत जावं लागेल, कबूल. खालच्या माणसाला सोडायला मात्र मुंबईतलं विधिमंडळ पुरतं. 2023 मध्ये महिलांसाठी माफी 25,000 पर्यंत नेलीच ना? मग तेवढ्याच पगाराच्या रखवालदाराला का नाही?

आणि हा कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना. जेवढा कर जमेल, तेवढीच भर राज्याने घालायची, अशी तरतूद. म्हणजे ‘रोहयो ही भीक’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तिच्या निधीत कमी पगाराच्या कामगाराचाही पैसा आहे आणि 1977 च्या कायद्याने काम मागणं हा हक्क आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. आयकर राज्य सरकार घेत नाही. तो केंद्र घेतं, वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्याला वाटा मिळतो. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ ही निव्वळ सरकारी खैरात नव्हे. त्यासाठी गाळपाच्या टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून घ्यायचे ठरलं आहे. आणि अनुसूचित जातींच्या उपयोजनेचा निधी म्हणजे मेहेरबानी नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात तो बाजूला ठेवायचा, हे तत्त्व आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण 11.8 टक्के आहे. कर्नाटकाने 2013 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तसा तो आपल्याकडे व्हावा, ही मागणी जुनी आहे. टपरीवर तिचा विषय मात्र कधी निघत नाही.