मागचा एक्सल आणि जेम्स वॅटचा अभिमान

सोलापूरहून आलेली गाडी तुळजापूरच्या अलीकडचा बालाघाटचा चढ दमदारपणे चढली, की कौतुक इंजिनाचं होतं. गाडीची खरी कसोटी लागते ती परतीच्या उतारावर, आणि तिथे इंजिनाच्या ताकदीला कुणी विचारत नाही. गाडी रस्त्याला धरून राहते ती चार टायरच्या, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या तुकड्यांवर. हे चार तुकडे रस्ता सोडणार नाहीत याची काळजी शॉकअप, ब्रेक आणि मागचा एक्सल वाहतात. वेगाची हौस असेल तर बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाकून पाहावं.

बोलेरो, थार, स्कॉर्पिओ यांचा मागचा एक्सल अखंड असतो. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही कलतं, आणि डिफरन्शियलचं सगळं वजन त्यांच्याबरोबर वरखाली होतं. जुन्या गाड्यांत हा एक्सल पाट्यांवर बसवलेला असे. पाट्यांना दुहेरी काम: ओझं पेलायचं आणि एक्सलला जागेवर धरूनही ठेवायचं. म्हणून ते कडक ठेवावे लागतात, आणि खराब रस्त्यावर मागची बाजू उडते. २०२० च्या थारमध्ये मागचे पाटे गेले आणि कॉइल स्प्रिंग आल्या. पण कॉइल फक्त ओझं पेलते, एक्सलला धरून ठेवणं तिला जमत नाही. ते काम दांड्यांवर येतं. पुढेमागे सरकू न देणाऱ्या चार दांड्या, आणि आडवं सरकू न देणारी पाचवी.

गंमत या पाचव्या दांडीत आहे. तिचं एक टोक चॅसीला, दुसरं एक्सलला. एक्सल वरखाली झाला की दांडीचं टोक सरळ रेषेत न जाता वर्तुळाच्या कमानीवरून जातं आणि एक्सलला किंचित बाजूला ओढतं. दांडी ९०० मिलिमीटरची असेल आणि एक्सल ८० मिलिमीटर उचलला गेला, तर ही सरक साडेतीन मिलिमीटर भरते. आकडा छोटा, पण भर वळणात खड्डा आला की मागची बाजू हलल्याचं पाठीला जाणवतं. शिवाय दांडी एका बाजूची असल्याने डावं वळण आणि उजवं वळण सारखं वाटत नाही.

यावरचा तोडगा १७८४ सालचा आहे! जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या सरळ वरखाली करायचा होता, आणि तो जोडायचा होता कमानीत हलणाऱ्या तुळईला. त्याने दोन दांड्या समोरासमोर ठेवल्या आणि त्यांची टोकं एका छोट्या दुव्याला जोडली. एका दांडीची कमान डावीकडे वळते, दुसरीची उजवीकडे. दोन्हींची ओढ एकमेकींना खोडते आणि दुव्याचा मध्यबिंदू जवळजवळ सरळ रेषेत चालतो. आपल्या सगळ्या यांत्रिक शोधांत याच रचनेचा अभिमान सर्वांत जास्त वाटतो, असं वॅटने पुढे लिहून ठेवलं. २०२२ मध्ये चाकणहून बाहेर पडलेल्या स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या एक्सलवर हीच जोडणी आहे. सुमारे दोनशे चाळीस वर्षांपूर्वी दट्ट्यासाठी योजलेली युक्ती आज घाटातल्या वळणावर एक्सलला जागेवर धरते.

आता ब्रेक. दोन टनांची गाडी १५० मीटर उंची उतरली, तर सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. एवढ्यात नऊ लिटर पाण्याला उकळी फुटेल! गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराच वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ड्रममध्ये ती कोंडते, डिस्क उघड्या हवेत लवकर निवते. त्यातच ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओल मुरलेल्या ऑइलसाठी हीच हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पोकळ लागतं.

तरी मागचे ब्रेक मोठे करण्यात शहाणपण असतंच असं नाही. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर झुकतं, मागची चाकं हलकी होतात. तिथे जोर जादा झाला तर ती आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. शॉकअपचंही तसंच: अति कडक केले तर खडबडीत रस्त्यावर चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी त्यावरून उडी मारतं.

म्हणून खर्चाचा क्रम असा लावावा: आधी टायर, मग झिजलेले बुश, ताजं ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड, त्यानंतर शॉकअप. एक्सलला हात सर्वांत शेवटी, आणि तोही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर त्यात बंधनं आहेत. यादीतली पहिली कामं गावातल्या गॅरेजमध्ये होतात, आणि उतारावर सर्वांत जास्त फरक त्यांनीच पडतो.