कातरण कचऱ्यात नको, हिशेबात हवी

शिवणकामाच्या कारखान्यात संध्याकाळी झाडू फिरतो आणि कटिंग टेबलाखालची सगळी कातरण एका पोत्यात जाते. त्याच पोत्यात चहाचे कप, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मशीन पुसलेली तेलकट फडकीही जातात. चिंधीवाला असे पोते पडेल भावात नेतो, नाहीतर ते नाक्यावरच्या कुंडीत जाते. हे नुकसान आपण आपल्याच हाताने करतो, असे आम्हाला वाटते.

शंभर किलो कापड कापले की दहा-पंधरा किलो कातरण निघते, असा धंद्यातला साधारण अंदाज आहे. म्हणजे पैसे देऊन घेतलेला माल. तो वेगवेगळा ठेवला तर त्याला गिऱ्हाईक आहे. पांढऱ्या सुती चिंधीला गॅरेज आणि छापखान्यात मागणी असते, कारण सूत तेल व शाई शोषते. पॉलिस्टर शोषत नाही, म्हणून दोन्ही एकत्र झाले की सुतीचाही भाव जातो. पानिपतचे कारखाने कातरण आणि जुने कपडे पिंजून पुन्हा सूत काढतात व त्याच्या सतरंज्या, ब्लँकेटे विणतात. सुती चिंधीपासून हातकागदही होतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नाव तर कागद करणाऱ्या कारीगरांवरूनच पडले आहे. चिंधीतून रोजी काढण्याचा हुन्नर आपल्या लोकांना नवा नाही.

सुरुवात करायला संस्था लागत नाही, ठराव लागत नाही. मालक, मास्टर आणि कारीगर यांचा मशवरा पुरे आहे.

1. चार पोती टांगावीत : सुती, पॉलिस्टर व मिश्र, कागद-पुठ्ठा आणि प्लॅस्टिक. पोती कटिंग टेबलाला लागूनच असावीत. माल निघतो तिथेच वेगळा झाला पाहिजे. ढीग झाल्यावर कोणी निवडत बसत नाही.

2. कापड ओळखू येत नसेल तर एक धागा मालापासून दूर, उघड्या जागी जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून राख होते. पॉलिस्टर आकसते, वितळते आणि त्याची कडक गोळी होते.

3. तेलकट फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, विजेच्या बोर्डापासून लांब ठेवावीत. कातरणीचे ढीग जिन्यात किंवा मीटरखाली ठेवू नयेत. ठिणगी पडली तर माल जाईलच, पण माळ्यावर झोपलेल्या कारीगरांना बाहेर पडायला वाट राहणार नाही.

4. उरलेसुरले जाळू नये. पॉलिस्टरचा धूर आधी आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांच्या छातीत जातो. कचरा वेगळा करून देणे 2016 च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केले आणि उघड्यावर जाळण्यास मनाई केली.

5. दर आठवड्याला एक दिवस ठरवून आपल्या काट्यावर वजन करावे, वहीत लिहावे, मगच माल द्यावा. पोते जड व्हावे म्हणून ओली चिंधी भरू नये. मापात खोट करणाऱ्यांना कुरआनने किती कडक ताकीद दिली आहे, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये.

आता नाजूक गोष्ट. ही कातरण कोणाची? कापड आपले असेल तर प्रश्न नाही. पण मजुरीने काम करताना कापड व्यापाऱ्याचे असते आणि ते आपल्याकडे अमानत असते. यंत्रमागावर मजुरीने विणताना उरलेल्या सुताचेही तसेच. शिंप्याकडे गिऱ्हाइकाचे हातभर कापड उरले तर ते गिऱ्हाइकाचे. ‘रिवाज आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. काम घेतानाच विचारून घ्यावे आणि चलनावर लिहून घ्यावे. बहुतेक व्यापारी आनंदाने सोडतात. पण विचारून घेतलेले हलाल आणि न विचारता घेतलेले संशयाचे.

पैसे आले की त्याचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे. रक्कम मोठी नसते. तरी ती कारीगरांच्या औषधपाण्यासाठी वेगळी ठेवली आणि वही सर्वांना पाहता आली, तर पोती नीट भरली जातात. मालकाने गुपचूप खिशात घातली, तर आठवड्याभरात चहाचे कप पुन्हा सुती पोत्यात दिसतील.

इसराफ फक्त दस्तरखानावर होतो असे नाही, तो कटिंग टेबलाखालीही होतो. येत्या शनिवारी चार पोती टांगा आणि महिनाभर वही लिहा. पुढचे ती वहीच सांगेल.