जुन्या मालमोटारीस हवेची बैठक



हरिहरेश्वरास आपण गेलां असाल तर काळभैरवाच्या देवळामागील खडकावरून जाणारी प्रदक्षिणेची वाट आपणांस आठवत असेल. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानें व वाऱ्यानें तेथील खडक मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें कोरून टाकला आहे. तेंच काम तो वारा गांवांतील लोखंडावरहि अहोरात्र करीत असतो. अशा वाऱ्यांत बारा वर्षें काढलेल्या एका पिकअप मालमोटारीविषयीं आज बोलावयाचें आहे.

ही गाडी माझ्या एका आप्तांची. हंगामांत आंबा, एरवीं सुपारी व नारळ, असा तिचा व्यवसाय. गेल्या उन्हाळ्यांत तींत बसून मी हरिहरेश्वराहून बागमांडल्याच्या धक्क्यापर्यंत गेलों. गाडी रिकामी होती, आणि प्रत्येक खड्ड्यासरशीं माझें डोकें टपाशीं भेट घेत होतें. दुसऱ्या दिवशीं तीच गाडी आंब्याच्या पेट्यांनीं भरून वाशीच्या बाजाराकडे निघाली, ती मागें बसलेली, होडीसारखी डुलणारी, आणि समोरचे दिवे माडांच्या शेंड्यांकडे लागलेले. आमचे आप्त म्हणाले, "भाऊ, हवेच्या स्प्रिंगा बसवल्या तर हीं दोन्ही दुखणीं जातील काय हो?" मीं त्यांस लगेच होकार दिला नाहीं. तो कां दिला नाहीं, तेंच आतां सांगतों.

प्रथम पोलादी स्प्रिंगेची गोष्ट घेऊं. टांग्याच्या काळापासून चालत आलेली ही रचना. पोलादाच्या लांब, कमानदार पट्ट्या एकीवर एक ठेवून बांधलेल्या असतात. मोटारवाले त्यांस पाटे म्हणतात. हे पाटे पूर्ण भार डोळ्यांपुढें ठेवून बनविलेले असतात, आणि खरी अडचण तेथेंच आहे. हिशेबाकरितां असें धरूं कीं, रिकाम्या गाडीचें ४०० किलो वजन मागच्या पाट्यांवर पडतें, आणि १२०० किलो माल चढविला म्हणजे तें १६०० किलो होतें. ४०० किलोंखालीं पाटे अडीच सेंटिमीटर दबत असतील, तर १६०० किलोंखालीं ते दहा सेंटिमीटर दबतील. आतां, स्प्रिंगेवर ठेवलेलें वजन एकदां हालविलें तर तें सेकंदास किती वेळां वरखालीं होईल, हें ती स्प्रिंग वजनाखालीं किती दबली आहे यावरून ठरतें. दहा सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग सेकंदास सुमारें दीड हेलकावा घेते. अडीच सेंटिमीटर दबलेली तीन घेते. माणूस चालतो तेव्हां त्याचें शरीर सेकंदास दीड-दोन वेळां वरखालीं होत असतें. त्या गतीची आपणांस जन्माची संवय आहे. सेकंदास चारपासून आठपर्यंतचे हादरे मात्र शरीरास सर्वांत अधिक बाधतात, कारण पोटांतील इंद्रियें व पाठीचा कणा त्या गतीस साथ देऊं लागतात. रिकामी गाडी त्या हद्दीच्या जवळ जाऊन पोंचलेली असते.

त्यांत गंजाची भर पडते. पाटा वांकतो तेव्हां तो शेजारच्या पाट्यावर थोडा सरकावा लागतो. खाऱ्या हवेंत त्यांच्यामध्यें गंज धरला कीं ते सरकत नाहींत. मग लहान खड्ड्यास पाटे दादच देत नाहींत. सगळी जुडी एखाद्या ओंडक्याप्रमाणें राहते आणि गाडी केवळ टायरांतील हवेवर उडत जाते. म्हणून आमच्या आप्तांस मीं पहिला सल्ला दिला तो हवेच्या स्प्रिंगांचा नव्हे. पाटे सोडवून घासून घ्या, त्यांच्या टोंकांचीं झिजलेलीं रबरें बदला, गळणारे शॉक ॲब्सॉर्बर टाकून नवे घाला, आणि रिकाम्या गाडीच्या टायरांत भरल्या गाडीची हवा ठेवूं नका. अर्धें दुखणें एवढ्यानेंच जातें, आणि खर्चहि बेताचा. हें सांगितलें म्हणजे लोकांचा थोडा विरस होतो, हें मला ठाऊक आहे.

आतां हवेकडे वळूं. कोंडलेली हवा जितकी दाबावी तितका तिचा प्रतिकार वाढतो, हा नियम बॉइलनें १६६२ सालीं मांडला. रबराच्या मजबूत पिशवींत हवा भरून ती गाडीचा सांगाडा व चाकांचा आंस यांच्यामध्यें ठेवली कीं स्प्रिंग तयार झाली. पोलादाची ताठरता कारखान्यांत एकदां ठरते ती ठरते. हवेची ताठरता मात्र आपण दाब कमीअधिक करून बदलूं शकतों. भार चौपट झाला तर दाब चौपट करावा. ताठरताहि जवळजवळ त्याच प्रमाणांत वाढते, गाडी पूर्वीच्याच उंचीवर राहते आणि हेलकाव्यांची गति फारशी बदलत नाहीं. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९५३ सालीं प्रवासी बसगाड्यांस ही योजना लावली. मुंबईकर श्रोत्यांस तर ती न कळत परिचयाची आहे: २००७ सालापासून धावूं लागलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल गाड्यांचे डबे हवेच्याच स्प्रिंगांवर बसलेले आहेत. गर्दीच्या वेळीं डबा कितीहि भरला तरी त्याची जमीन फलाटाच्या मानानें फारशी खालीं जात नाहीं, याचें श्रेय त्या पिशव्यांस आहे.

परंतु बस किंवा लोकल यांत पोलादी स्प्रिंगेची जागाच हवेनें घेतलेली असते, आणि भार बदलतांच हवा आपोआप भरणारी व सोडणारी झडप तेथें असते. जुन्या पिकअपसाठीं बाजारांत मिळतात त्या पिशव्या निराळ्या. त्या मूळ पाट्यांच्या जोडीस मदतनीस म्हणून बसवावयाच्या असतात. आणि येथें बहुतेकांची फसगत होते. ताठ पाट्यांच्या जोडीस आणखी एक स्प्रिंग दिली तर एकंदर ताठरता वाढेल कीं कमी होईल? अर्थातच वाढेल. म्हणजे भरलेली गाडी सरळ उभी राहील, डुलणें कमी होईल, दिवे पुन्हां रस्त्यावर येतील. परंतु रिकाम्या गाडींत डोकें टपाला लागावयाचें तें लागतच राहील.

रिकामी गाडी मऊ हवी असेल तर पाट्यांचा भार हलका करून तो हवेवर सोंपवावा लागतो. वरील उदाहरणांत जुडींतील पाटे कमी करून ताठरता निम्मी केली, तर रिकामी गाडी पांच सेंटिमीटर दबेल आणि तिचे हेलकावे तीनावरून सव्वादोनावर येतील. भरल्यावर साडेसात सेंटिमीटर दबलेले पाटे ६०० किलो उचलतील. उरलेले १००० किलो दोन पिशव्यांवर, म्हणजे प्रत्येकीवर ५००. सहा इंच व्यासाच्या पिशवीचें क्षेत्रफळ सुमारें २८ चौरस इंच होतें. त्यास चौरस इंचास ४० पौंड दाब पुरेसा होतो. टायरवाल्याच्या पंपानें तो सहज भरतां येतो. सगळ्या हंगामभर गाडी पूर्ण भरते असें नाहीं. आरंभीं दहा-पंधरा पेट्याच असतात, आणि ताठ गाडींत हादरे खाल्लेला आंबा वरून ठीक दिसला तरी अढींत घातल्यावर तेवढाच भाग काळा पडतो व शेजाऱ्यासहि नासवितो. त्या पेट्यांसाठीं हा खटाटोप कारणीं लागतो.

मात्र पाटा केवळ भार उचलीत नाहीं. चाकांचा आंस पुढेंमागें जाऊं न देतां जागच्या जागीं धरून ठेवण्याचें कामहि तोच करतो. हवेच्या पिशवीस तें साधत नाहीं. म्हणून मुख्य पाट्यास कधींहि हात लावूं नये, आणि पिशवी वाटेंत फुटली तर उरलेल्या पाट्यांवर गाडी घाट उतरूं शकेल कीं नाहीं, हें जाणत्या माणसाकडून आधीं तपासून घ्यावें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करूं देत नाहीं. तेव्हां परिवहन कार्यालयांत विचारून मगच पाना हातीं घ्यावा.

याहून मोठा धोका निराळाच आहे. गाडी मागें बसली कीं मालक ओळखतो कीं भार फार झाला. पिशव्या बसविल्यावर हा इशारा बंद पडतो. गाडी ताठ उभी दिसते, आणि मनुष्य आणखी वीस पेट्या चढवितो. आंस, टायर, ब्रेक हे पूर्वीचेच असतात. हवेनें त्यांची ताकद तसूभरहि वाढत नाहीं. पुष्कळ मालमोटारींत मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार बदलणारी एक झडप असते. सांगाडा आंसाकडे किती झुकला आहे हें एका दांडीनें मापून तीस भार कळतो. पिशव्यांनीं सांगाडा वर उचलला कीं त्या झडपेस गाडी रिकामीच वाटते व ती मागचा ब्रेक कमी देते. गाडी मालानें भरलेली, समोर घाटाची उतरण, आणि मागचीं चाकें पुरतीं धरीत नाहींत, हें चित्र डोळ्यांपुढें आणून पाहावें. पिशव्या बसविणाऱ्यास ही दांडी पुन्हां जुळवून देतां येत नसेल तर त्याच्याकडून तें काम करवूं नये.

दोन्ही पिशव्या एकाच नळीस जोडण्याची काटकसरहि टाळावी. वळणावर गाडी कलली कीं दाबल्या गेलेल्या पिशवींतील हवा दुसरींत शिरते आणि गाडी अधिकच कलते. प्रत्येकीस आपली नळी, आपली झडप.

आमच्या आप्तांनीं अखेर पाटे साफ केले, शॉक बदलले, आणि एक सहायक पाटा काढून पिशव्या घातल्या. आठवड्यांतून एकदां गोड्या पाण्यानें त्या धुवाव्या, म्हणजे घड्यांत वाळू राहून रबर कापलें जात नाहीं; नळ्यांच्या सांध्यांस साबणाचें पाणी लावून फुगे येतात कीं काय तें पाहावें. रिकाम्या गाडींत पांच पौंडांहून कमी हवा ठेवूं नये, नाहींतर पिशवी स्वतःच्याच घडींत चिमटते. आणि वाशीस पेट्या उतरल्या कीं जास्तीची हवा सोडून द्यावी. ती सोडावयाचें विसरलें तर माणगांव मागें पडण्याच्या आंत ड्रायव्हरच त्याची आठवण करून देतो.