मिलिलिटरचा हिशेब

जन्मतःच हृदयात दोष असलेली बाळे हजारी आठ-नऊ तरी असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, डॉक्टरांना ठोक्यांत वेगळा आवाज लागतो आणि आडगावातले मूल मुंबई-पुण्याच्या इस्पितळात पोहोचते. शस्त्रक्रिया कोणी केली, हे आईवडिलांच्या जन्मभर लक्षात राहते. पण त्यानंतरची रात्र सिस्टरची असते, आणि तिच्याबद्दल फारच कमी लिहिले गेले आहे.

चार किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम ३२० मिलिलिटर. तपासणीसाठी दर वेळी दोन मिलिलिटर काढले, तरी दिवसभरात ते बाळाला जाणवते. म्हणून काढलेले रक्त आणि नळी धुवायला सोडलेले सलाईन, दोन्ही तक्त्यात लिहायचे. लघवी मोजायला ओला लंगोट वजनकाट्यावर ठेवतात; कोरड्यापेक्षा जितके ग्रॅम जास्त, तितके मिलिलिटर. तासाला किलोमागे एक मिलिलिटर तरी व्हायला हवी. सलाईनच्या नळीला टिचक्या मारून बारीकसारीक बुडबुडेही काढावे लागतात, कारण हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल तर ती हवा थेट मेंदूकडे जाऊ शकते.

छातीतल्या ड्रेनमधून येणारे रक्त अचानक थांबले की नवख्या माणसाला हायसे वाटते. मुरलेली सिस्टर तेव्हाच डॉक्टरांना बोलावते, कारण नळी तुंबून रक्त हृदयाभोवती साचत असू शकते. मॉनिटरवरच्या रक्तदाबावरही ती विसंबत नाही. लहान मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्याआधी तळपाय गार पडतात, दाबलेल्या जागी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, बाळ उगाच किरकिरते. हे कळायला हात बाळाच्या पायावर असावा लागतो. त्यामुळे पहिल्या रात्री एका बाळामागे एक सिस्टर, ही मला चैन वाटत नाही. तो उपचारच आहे. खाटा वाढवताना हे विसरले जाते, याचे वाईट वाटते.

शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या मुलांची काळजी वेगळी. टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयदोष असलेले बाळ रडता रडता निळे पडू लागले, की सिस्टर त्याचे गुडघे छातीशी दुमडून आईच्या खांद्याशी धरायला लावते. पायांकडचा रक्तप्रवाह अडतो आणि फुप्फुसांकडे जास्त रक्त वळते. मग ऑक्सिजन, आणि सुई शक्यतो नंतर. रडणे वाढले तर निळेपणाही वाढतो.

काही बाळांना दूध ओढतानाही धाप लागते, कपाळाला घाम येतो. अर्ध्या तासात पोट भरले नाही तर उरलेले नाकातल्या नळीने द्यायचे, नाहीतर मिळालेली ताकद पिण्यातच खर्च होते.

घरी सोडण्याआधी आजीलाही बोलावतात. छातीचे हाड जुळेपर्यंत बाळाला काखेत धरून उचलायचे नाही. एक हात मानेखाली, दुसरा कुल्ल्यांखाली. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध दिल्यावर उलटी झाली तर मनानेच पुन्हा द्यायचे नाही, आधी वॉर्डात फोन करायचा. आईने सिस्टरसमोर स्वतः सिरिंजमध्ये डोस भरून दाखवला की मगच कागद तयार होतात.